वचनमामीचा अध्याय

वचनमामी हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं, आणि गल्लीनं दिलेलं नाव म्हणजे पायाला लागलेलं डांबर. घासलं तर उलट पसरतं. त्यातली मामी ही तिच्या भाच्याची. वरच्या मजल्यावर तिची थोरली नणंद राहायची, आणि नणंदेचा एकुलता एक मुलगा जिन्यातूनच "मामी, चहा टाक" अशी आरोळी ठोकत उतरायचा. ती आरोळी ऐकून ऐकून दूधवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती मामी झाली. सख्ख्या नवऱ्याच्या तोंडूनही एकदोनदा "मामी" निसटलं होतं आणि त्या दिवशी बिचाऱ्याला जेवण गार मिळालं होतं.

आणि त्यातलं वचन हे पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं.

कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाचा मुलगा परदेशी चालला, कुणी डोळे मिटले, की पहिला फोन मामीला. "मामी, धीर देणारं एखादं वचन सांगता का?" मामी म्हणायची, "थांबा हं, जरा आठवू द्या." मग फोन उशीवर पालथा घालायचा, चष्मा चढवायचा आणि संगणकावर दोन बोटांनी "धीर" असं टाइप करायचं. पडद्यावर ओळींची ही भली मोठी रांग लागायची, सरकारी दवाखान्यापुढं लागते तशी. त्यातली अंगापिंडानं जरा बरी दिसणारी ओळ मामी बाजूला काढायची आणि फोन उचलून पुस्तकाचं नाव, अध्याय, ओळ असं धडाधड बोलून टाकायची. पलीकडचा माणूस गारच व्हायचा.

"मामी, तुमच्या अगदी जिभेवर आहे हो सगळं."

"प्रभूची कृपा," मामी म्हणायची.

कृपा प्रभूची असेलही, पण तो प्रोग्रॅम संगणकावर बसवून दिला होता भाच्यानं.

भाचा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. तिशीला टेकला होता, लग्नाचा पत्ता नव्हता, हात मात्र सोन्याचे. मामी पत्रिका आणि कार्डं छापणाऱ्या दुकानात मजकूर जुळवायला बसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "मजकुराच्या वर एखादं वचन टाका," आणि मामीची तारांबळ उडायची. तेव्हा भाच्यानं कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या अडगळीतला संगणक आणला, पुसला, त्यात तो प्रोग्रॅम घातला आणि मामीला शेजारी बसवून शिकवलं. वर एक चौकट. तिच्यात विषय लिहायचा: राग, भीती, लग्न, मरण. बटण दाबायचं. झालं.

पहिल्या दिवशी त्यानं स्वतः कुठला विषय शोधला असेल? द्राक्षारस. मग द्राक्षारसाची भलामण करणाऱ्या ओळी तेवढ्या मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"बघ मामी, शास्त्र माझ्या बाजूनं आहे."

"खालच्या वाच की. खाली शिव्या घातल्यात."

"खालच्या तू वाच. तू तर वरच्याही वाचत नाहीस. ते कपाटातलं पुस्तक मी काल काढून बघितलं. पानांच्या सोनेरी कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या आहेत. लग्नात मिळालं होतं ना तुला? संसार जुना झाला, पुस्तक नवरीसारखंच."

"हळू बोल मेल्या, वर तुझी आई ऐकेल."

हे त्या दोघांचं गुपित. मामीनं शास्त्र वाचलेलं नव्हतं. वाचायला घेतलं नव्हतं असं नाही. तरुणपणी दोनदा कंबर कसली होती, पण अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी ती वंशावळ सुरू झाली की तिला जी झोप यायची ती थेट सकाळीच उतरायची. मग राहिलं ते राहिलंच. पण गल्लीला हे कोण सांगणार? आणि गल्ली ऐकणार होती थोडीच? पाळकसाहेबसुद्धा शनिवारी फोन करायचे, "मामी, क्षमेवर दोनतीन संदर्भ हवे होते उपदेशाला." रविवारी त्यांच्या तोंडून आपले संदर्भ ऐकताना मामी अशी मान हलवायची की जणू पाळकसाहेब बरोबर म्हणताहेत की नाही ते तपासतेय.

आणि एक गोष्ट होती, ती बाहेरच्यांना कळणार नाही. या घरात मामी सून म्हणून आली तेव्हापासून शब्द चालायचा तो नणंदेचा. नणंद लवकर विधवा झालेली, शाळेत कारकून, ताठ कण्याची. पडदे कुठले, पाहुण्यांना काय, भाऊ कुठल्या डॉक्टरकडे जाणार, सगळं ती ठरवायची. मामीला कुणी काही विचारलंच तर, मीठ कुठं ठेवलंय एवढंच. पण वचनं सुरू झाली आणि हळूहळू नणंदही जिना उतरून यायला लागली. "अगं, ऑफिसातल्या बाईंची आई गेली, काय लिहू?" असं विचारून दारात उभी राहायची. नणंदेनं दारात उभं राहून विचारायचं आणि आपण बसल्या जागेवरून सांगायचं, याची चव मामीला लागली होती. लागलेली चव सुटते का?

भाचा प्यायचा. आधी सुट्टीच्या दिवशी, मग सुट्टी केव्हा आहे हे विसरून. घरात हे कुणी उच्चारायचं नाही. नणंद म्हणायची, "त्याला दगदग होते." मामा, म्हणजे मामीचा नवरा, वर्तमानपत्र उघडायचा. एकदा सगळे जेवायला बसले होते, भाच्याचा चमचा तोंडाऐवजी गालाकडे जात होता, आणि मामीच्या तोंडून निघून गेलं, "असंच चाललं तर एक दिवस देव हिशेब मागेल." भाचा हसला आणि म्हणाला, "कुठला अध्याय, मामी?" पण नणंदेनं आपलं ताट उचललं आणि वर निघून गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याची मोटारसायकल उभ्या ट्रकवर मागून आदळली. रस्ता सरळ होता, ऊन स्वच्छ होतं, ट्रकचा ड्रायव्हर बाजूला बसून भाकरतुकडा खात होता. सगळ्यांना कळायचं ते कळलं. पोलिसांच्या कागदावर ते एका शब्दात होतं. घरात तो शब्दही कुणी आणला नाही.

मामी त्या दिवसांत फार रडली. खोटं कशाला बोला, नणंदेपेक्षा जास्त रडली. नणंदेच्या डोळ्यांत पाणीच नव्हतं. ती नुसती खिडकीत बसायची आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवायची.

कबरीवर दगड बसवायची वेळ आली तेव्हा नणंद खाली आली. या वेळी दारात उभी राहिली नाही, आत येऊन खुर्चीवर बसली.

"पाथरवट म्हणतो, नावाखाली एका ओळीची जागा आहे. तू बघ. त्याचं आयुष्य लहानच झालं. पण वाचणाऱ्याला वाईट वाटू नये. पुढं काही चांगलं आहे, असं काहीतरी."

"मी बघते ताई. तुम्ही काळजी करू नका."

नणंद वर गेली. मामीनं गॅसवर चहा ठेवला, संगणक लावला आणि चौकटीत "शेवट" लिहिलं. रांग लागली. बऱ्याच ओळी जळणं, तुटणं, नाश होणं अशाच होत्या. पण मधेच एक होती, फार सुरेख. सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट थोर होईल, अशा अर्थाची. लहान आयुष्य, थोर शेवट. जणू शिंप्यानं अंगाचं माप घेऊन शिवलेली. मामीनं ती कागदावर उतरवली, खाली पुस्तकाचं नाव आणि अध्यायाचा आकडा घातला, आणि चहा गाळून वर घेऊन गेली. नणंदेनं ती ओळ वाचली आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं मामीचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दगड बसला. काळा, चांगला. येणारे जाणारे वाचायचे आणि म्हणायचे, किती समर्पक. मामी मान खाली घालायची.

आता नणंद काही शास्त्र वाचणारी बाई नव्हती. रविवारी चर्चला जाणारी, ऐकणारी, संपलं की पर्स उचलणारी. पण मुलाच्या दगडावरची ओळ तिला पुरेना. रोज कबरस्तानात जाऊन तीच ओळ वाचायची, घरी येऊन तीच म्हणायची. एका दुपारी तिला वाटलं, या ओळीच्या शेजारीपाजारी कोण राहतं ते तरी बघावं. तिनं आपलं पुस्तक काढलं, आकडा शोधला, भिंग घेतलं आणि खिडकीच्या उजेडात अध्याय पहिल्या ओळीपासून लावून वाचायला लागली.

त्यानंतर ती खाली आली ती अनवाणी. पुस्तक छातीशी धरलेलं, बोट पानात.

मामी बटाटे सोलत होती.

"अगं, एक विचारायचं होतं."

"विचारा की ताई."

"दगडावरच्या ओळीचा तो अध्याय. तू वाचलायस ना?"

इथं मामीनं नुसतं मान वर करून बघितलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय. जीभ डोक्याच्या आधी पोचली.

"वाचलाय म्हणजे? कितीदा तरी. फार सुंदर अध्याय आहे."

"सुंदर."

"मनाला उभारी देणारा," मामी म्हणाली आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"वरपासून वाचलायस? सगळा?"

"ताई, तुम्ही पण ना. न वाचता मी दगडावर घालीन का?"

नणंदेनं ओट्यावर पुस्तक उघडलं. बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करून ती वाचायला लागली. ती गोष्ट एका सज्जन बापाची. त्याची सगळी मुलं एका घरात जेवायला बसलेली असताना घर कोसळून एकदम गेलेली. तो राखेत बसलाय, अंगभर फोड, आणि त्याचे मित्र त्याचं सांत्वन करायला आलेत. त्यातला एक मित्र बोलतोय. दगडावरची ओळ त्याच मित्राची. पण ती ओळ बोलायच्या जरा आधी तो त्या बापाला काय सांगतो? की तुझ्या मुलांनी पाप केलं असणार, म्हणून देवानं त्यांना त्यांच्या पापाच्या हवाली केलं.

नणंदेनं ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं.

"तू जेवताना बोलली होतीस. देव हिशेब मागेल. माझ्या पोराच्या भरल्या ताटावर बोलली होतीस. मी गिळलं. पण तेवढ्यानं तुझं भागलं नाही. तू ते दगडावर कोरून घेतलंस. आणि मी तुझा हात धरला."

"ताई, मला माहीत नव्हतं."

"आत्ता म्हणालीस, कितीदा तरी."

"ताई, ते मी असंच म्हटलं. मी वाचलेलंच नाही. मी काहीच वाचलेलं नाही."

नणंदेनं तिच्याकडे असं बघितलं, जसं शाळेत खोटा दाखला घेऊन आलेल्या माणसाकडे बघायची.

"तू. तू वाचलेलं नाहीस. निदान खोटं तरी पचेल असं बोल."

ती वर गेली. जिन्याच्या मधलं दार, जे कधी लागलेलं कुणी बघितलं नव्हतं, त्याला आतून कडी लागली.

मामी संगणकापुढं जाऊन बसली. त्या ओळीशेजारी एक बारीक बटण होतं, "पूर्ण अध्याय". ते तिथं पहिल्या दिवसापासून होतं. मामीनं ते आज पहिल्यांदा दाबलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. मामानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे गोष्ट खरोखर वाईट होती.

"म्हणजे तू शास्त्र वाचलंच नाहीस? कधीच?"

"नाही."

"वाचलं तर मीही नाही. पण मी कुणाला सांगत फिरत नाही."

"तुम्ही जाऊन ताईंना सांगा. तुमचं ऐकतील."

मामा वर गेला. कडी उघडली, लागली, आणि मामीच्या हातातला चहा संपायच्या आत तो परत आला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तू तिचा नवरा आहेस, तू तिचंच म्हणणार. आणि म्हणाली, बायकोनं शास्त्र वाचलंय की नाही हे तुला कसं कळणार, तू घरात कधी डोकं वर केलंयस?" त्यानं वर्तमानपत्र पुन्हा उचललं. "त्यात तिचं काही चुकलं नाही."

मग मामीनं कपाटातलं ते लग्नातलं पुस्तक काढलं. पानं चिकटलेली, कडा सोनेरी, वास दुकानातल्यासारखा. याच्याहून मोठा पुरावा कुठला? बंद दारापुढं उभी राहून तिनं हाक मारली. नणंदेनं दार बोटभर उघडलं. मामीनं पुस्तक पुढं केलं.

"बघा ताई. हात लावून बघा. एक पान सुटं नाही."

नणंदेनं हात लावला. अंगठ्यानं कडेवरून एकदा फिरवला.

"नवीन आणलंस वाटतं," ती म्हणाली आणि दार लावलं.

आता हे खरं आहे असं सांगू शकणारा एक माणूस होता. त्यानं ती पानं स्वतः बघितली होती, त्यावरून चेष्टा केली होती, खालच्या ओळी तू वाच म्हणाला होता. तो त्याच दगडाखाली होता. हे मामीच्या डोक्यात आलं तेव्हा ती जिन्यावरच बसली, पुस्तक मांडीवर घेऊन, आणि घरात बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. हातावर हात ठेवून, मान तिरकी करून ऐकायचा.

"मामी, तुम्ही स्वतःला फार दोष देताय."

"दोष नाही देत साहेब, खरं सांगतेय. मला काही येत नाही. मशीन शोधतं."

"अहो, आपल्या सगळ्यांचंच तसं आहे. आपलं ज्ञान ते काय. शोधून देणारा तो."

"तो नाही हो साहेब, प्रोग्रॅम."

पाळकसाहेब प्रेमानं हसले. मामीला वाटलं, आपण भिंतीशी बोलतोय, आणि भिंत आपल्याला आशीर्वाद देतेय.

"मग मला मंडळीपुढं सांगू द्या," ती म्हणाली. "रविवारी. सगळ्यांदेखत. ताई तिथं असतील. चारचौघांत माणूस स्वतःची अब्रू खोटं बोलून घालवत नाही, एवढं तरी त्यांना पटेल."

ही गोष्ट सोपी नव्हती, हे तिचं हसं करणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. त्या नावावर ती जगत होती. पाहुण्यांत, दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे लोक तिला वाट करून द्यायचे ते त्या नावामुळं. नाव गेलं की पुन्हा मीठ कुठं ठेवलंय ते सांगणारी बाई. तरी रविवारी ती पुढं गेली, हात मागं बांधले, आणि म्हणाली, "मी तुम्हाला आजवर जी वचनं सांगितली, त्यातलं एकही मी वाचून सांगितलेलं नाही. मला शास्त्र येत नाही. मी भाच्यानं शिकवलेल्या यंत्रात शब्द घालून ओळ काढायची आणि आपलीच म्हणून सांगायची. माझ्या अडाणीपणामुळं एका आईला जखम झाली. ती मुद्दाम केलेली नाही, एवढंच सांगायला उभी आहे."

पहिल्या बाकावरच्या शिंपीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. त्यांच्या शेजारणीनंही. पाळकसाहेब उठले, मामीच्या शेजारी उभे राहिले आणि जड आवाजात म्हणाले, "याला म्हणतात नम्रता. आपल्यातल्या सर्वांत जाणत्या बहिणीनं आज आपल्याला शिकवलं, की जाणणाऱ्यानं जाणतो म्हणू नये."

मामी म्हणाली, "नाही हो," पण तोवर गाणं सुरू झालं होतं.

बाहेर पडताना बायकांचा गराडा. एक म्हणाली, "एवढं येऊनही काही येत नाही म्हणते, बघा." दुसरी म्हणाली, "मामी, माझ्या सुनेचं बाळंतपण आहे, तेवढं एक वचन..." नणंद मागच्या बाकावरून केव्हाच उठून गेली होती. फाटकाजवळ ती पर्सचा बंद हातावर गुंडाळत उभी होती. मामी धावत गेली.

"छान झालं," नणंद म्हणाली. "माझं पोर दगडाखाली, आणि तुझी आरती ओवाळून झाली."

असं म्हणतात की माणसाचं खोटं उघडं पडतं. मामीचं तर खरंही कुणी उघडू देईना. फोन आधीपेक्षा जास्त यायला लागले. ती उचलेना तेव्हा लोक म्हणाले, दुःखात आहे, प्रार्थनेत असेल.

पुढच्या आठवड्यात दुकानात पत्रिका घ्यायला आलेल्या माणसानं सहज सांगितलं, की तुमच्या नणंदबाई पाथरवटाला घेऊन कबरस्तानात गेल्यात. मामीनं हातातला मजकूर तसाच टाकला आणि निघाली.

पाथरवट नाकाला फडकं बांधून उकिडवा बसला होता. यंत्राची गोल चकती दगडावरून फिरत होती आणि पांढरी भुकटी उडत होती. अर्धी ओळ गेली होती. शेजारच्या कबरीच्या कठड्यावर नणंद बसली होती, डोक्यावर ऊन, केसांत ती भुकटी, त्यामुळं एकदम म्हातारी दिसत होती. मामीला बघून पाथरवटानं यंत्र थांबवलं. गावभरच्या दगडांच्या ओळी त्यानं मामीकडूनच घेतलेल्या. त्याची मान सवयीनं तिच्याकडे वळली.

"मग मामी, आता काय कोरायचं?"

मामीनं दगडावर उरलेल्या अर्ध्या ओळीकडे बघितलं.

"सांग की," नणंद म्हणाली. "तुला विचारतोय तो. इथं तुझं यंत्र नाही. मनानं सांग. एक ओळ."

मामी उभी राहिली. इतकी वर्षं, इतके फोन. काहीतरी तर राहिलं असेल. तिनं आठवायला घेतलं. आकडे आले. अमुक पुस्तक, अमुक अध्याय, अमुक ओळ, असे नुसते आकडे, आणि आकड्यांपुढं काही नाही, जसे घरांचे क्रमांक लिहिलेले दरवाजे आणि मागं घरंच नाहीत. शेवटी ती म्हणाली, "मेंढपाळाची."

"देव माझा मेंढपाळ आहे, ती? ती पाचवीतल्या पोरालाही येते. इथं चार दगडांवर आहे. दुसरी सांग."

मामीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाथरवटानं नजर दुसरीकडे वळवली. त्यालाही ते बघवेना.

नणंद कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिचा आवाज बदलला.

"तुला खरंच येत नाही."

"नाही ताई."

"तू खरंच वाचलेलं नाहीस."

"कधीच नाही. तेच तर सांगतेय." आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी खरं मानलं म्हणून मामीचा श्वास मोकळा झाला, ती पुढं होऊन नणंदेच्या शेजारी बसायला गेली.

"किती वेळ लागला होता गं?" नणंदेनं विचारलं.

"कशाला?"

"माझ्या मुलाची ओळ काढायला."

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. मामीनं ती घेतली नाही.

"चहा ठेवला होता. उकळी यायच्या आत मिळाली."

नणंदेनं मान हलवली, हळूहळू, जसं एखादं जड ओझं नीट धरून घ्यावं तसं.

"मला इतके दिवस वाटत होतं, तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "उठता बसता तेच. तुझा गळा धरावा असं वाटायचं. पण मुद्दाम करायलाही माणसाला पान उलटावं लागतं. वर काय आहे, खाली काय आहे, ते बघावं लागतं. ज्याच्यासाठी करायचं त्याला घटकाभर मनात बसवावं लागतं. तू तेवढंही केलं नाहीस. त्याच्यासाठीही नाही. त्यानं तुला ते यंत्र हात धरून शिकवलं होतं."

"ताई..."

"राग परवडला असता गं मला. याचं मी काय करू?"

मामी तशीच वाकून उभी राहिली, बसायला निघालेली आणि न बसलेली.

पाथरवट खाकरला. "बाई, मग कोरायचं काय?"

"काही नको. गुळगुळीत करा."

"आणि खालचा आकडा?"

"तोही."

यंत्र पुन्हा सुरू झालं. ओळीचा राहिलेला भाग गेला, मग पुस्तकाचं नाव, मग आकडा. नावाखाली हातभर जागा कोरी झाली, आजूबाजूच्या काळ्याहून जरा फिकी. पाथरवटानं फडक्यानं पुसलं, पाणी मारलं, पुन्हा पुसलं. फिकेपणा काही गेला नाही. तो म्हणाला, वर्षा-दोन वर्षांत मिसळेल.

नणंद उठली, केस झटकले आणि फाटकाकडे चालायला लागली. मामीनं तिला पुढं जाऊ दिलं. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थांबायचा विचार तिनं केला, पण पाथरवट बघत होता. दोघींचं घर एक, रस्ता एक. मामी चारपाच पावलं अंतर ठेवून मागून चालत राहिली, आणि घर येईपर्यंत पुढचीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.